काटकसर कोणाच्या वाट्याची?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

काटकसरीनं संसार करत मुलांची शिक्षणं कशी करावीत यावर बोला, असा निरोप आला तेव्हा मी जरा बिचकलेच. मी काही अर्थतज्ज्ञ नाही. बारावीनंतर लग्न झालं आणि १९९८ पासून २०२१ पर्यंत, म्हणजे तेवीस वर्षं, मी साताऱ्यात एका सहकारी बँकेची पिग्मी गोळा केली. राजवाड्यापासून सुरुवात करायची, मोती चौक, मधल्या पेठा करत करत संध्याकाळपर्यंत खाली पोवई नाका गाठायचा. खांद्याला पिशवी, पिशवीत पावतीपुस्तक. पुढे पुढे हातात मावणारं मशीन आलं. रोजची सव्वाशे-दीडशे घरं आणि दुकानं. कोणी पाच रुपये देई, कोणी दहा, एखादा किराणा दुकानदार पन्नास. गावातले निम्मे लोक मला आजही 'पिग्मीवाल्या वहिनी' म्हणूनच ओळखतात.

नव्या पिढीला पिग्मी म्हणजे काय हे कदाचित सांगावं लागेल. १९२८ साली उडुपीच्या एका बँकेनं ही पद्धत सुरू केली. हीच बँक पुढे सिंडिकेट बँक झाली आणि २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. हातावर पोट असलेला माणूस बँकेत येत नाही, तर बँकेचा माणूस रोज त्याच्या दारात पाठवायचा आणि अगदी दोन आणेसुद्धा जमा करून घ्यायचे, अशी ती कल्पना. दोन आण्यांचे पुढे पाच-दहा रुपये झाले, एवढाच फरक.

तर सांगायचं असं, की रोज दारात उभं राहणाऱ्या माणसाला त्या घरातलं पुष्कळ काही न विचारता कळतं. बँकेच्या साहेबाला पासबुकातला आकडा दिसतो. मला उंबऱ्यावरून स्वयंपाकघर दिसायचं. घरात अर्धा लिटर दूध येतं, ते कोणाच्या पेल्यात जातं आणि कोणाचा चहा कोरा असतो, हे दिसायचं. एकाच घरातला मुलगा इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसतोय आणि त्याची बहीण नगरपालिकेच्या शाळेत चालत निघालीय, हेही दिसायचं. मला नगरपालिकेच्या शाळेबद्दल काही म्हणायचं नाही, माझे स्वतःचे शिक्षक तिथलेच होते. प्रश्न शाळेचा नव्हताच. त्या घरात 'आम्ही फार काटकसरीनं राहतो' असं जे मोठ्या अभिमानानं सांगितलं जाई, ती काटकसर नेमकी कोण करत होतं, हा प्रश्न होता.

आपण म्हणतो, 'त्या घरात फार काटकसर आहे.' जणू काही काटकसर ही घराची असते, छपरासारखी, सगळ्यांवर सारखी. तेवीस वर्षांत मला अशी काटकसर फारशी भेटली नाही. ती बहुतेक वेळा कोणाच्या तरी एकाच्या वाट्याला आलेली असते. कधी आईच्या, कधी मुलीच्या, कधी म्हाताऱ्या सासऱ्यांच्या औषधाच्या. आणि ज्याच्या वाट्याला येते तो सहसा बोलत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. त्याची कारणं डॉक्टर मंडळी अधिक चांगली सांगतील. पण मागून जेवायचं, उरलं तर खायचं आणि भाजी संपली की चटणीवर भागवायचं, ही आपल्याकडची रीत त्यातलं एक कारण आहे, हे सांगायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

हे सगळं दुसऱ्यांच्या घराबद्दल झालं. आता आमच्या घराबद्दल सांगते, कारण ज्या एका युक्तीसाठी मला इथं बोलावलं गेलंय ती आमच्याच घरातली आहे.

आमचे हे छापखान्यात मशिनवर होते. २००४ साली त्यांचा पगार साडेचार हजार. मला गोळा केलेल्या रकमेवर शेकडा तीन रुपये मिळत. महिन्याला साठ हजार जमले तर अठराशे हातात. घरात सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. असे पाच जण. हिशेबाची वही मी लग्नापासून लिहीत होते. पण सगळ्यांची असते तशीच: तारीख, वस्तू, रुपये. आणि महिनाअखेर उरलंसुरलं सगळं 'किरकोळ' या नावाखाली. हा किरकोळ शब्द फार लबाड आहे हो. त्याच्या पोटात तंबाखूही मावते आणि मुलाचं हरवलेलं कंपासही.

माझं पिग्मीचं रजिस्टर मात्र वेगळं असायचं. त्यात माणसांची नावं आणि प्रत्येकाच्या नावापुढे रक्कम. एके दिवशी मनात आलं, घरची वही अशी का लिहू नये? मग पानाला सहा रकाने पाडले. पहिला 'घर'. त्यात भाडं, वीज, गॅस, धान्य, दूध, भाजी. पुढचे पाच आमच्या पाच जणांचे. ज्याच्यासाठी खर्च झाला त्याच्या रकान्यात तो लिहायचा, आणि 'किरकोळ' हा शब्द वहीत येऊ द्यायचा नाही. ही गोष्ट २००३ मधली.

पहिल्याच महिन्याची बेरीज रविवारी जेवणानंतर सगळ्यांसमोर वाचली. ह्यांचे दोनशे पासष्ट, त्यात चहा, तंबाखू आणि लुनाचं पेट्रोल. धाकट्याचे दोनशे बारा. आत्याबाईंचे एकशे ऐंशी, सगळे रक्तदाबाच्या गोळ्यांचे. थोरलीचे एकशे चाळीस. आणि माझे अकरा. टिकल्यांचं एक पाकीट आणि सेफ्टी पिना. आत्याबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी वही हातात घेतली, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाल्या, "अगं, घरातल्या मांजरालासुद्धा याहून जास्त लागतं." सगळे हसले. पण पुढच्या महिन्यापासून माझ्या रकान्यात पन्नास रुपये पडलेच पाहिजेत, असा त्यांनी कायदा केला. त्या पैशांतून मी पहिली गोष्ट केली ती डोळे तपासून घेतले. संध्याकाळच्या उजेडात पावत्या लिहिताना आकडे एकमेकांत मिसळायचे, त्याला नंबरचा चष्मा हे उत्तर होतं. चष्मा ही काही चैन नव्हे. पण वही वस्तूंची असती, तर ती गरज कोणाच्या लक्षातच आली नसती, माझ्यासुद्धा नाही.

या पद्धतीत खोट आहे, तीही सांगते. 'घर' या रकान्यात दूध-भाजीची रक्कम दिसते, ते पोटात कोणाच्या गेलं हे दिसत नाही. तिथं वहीचा उपयोग नाही, तिथं ताटांकडेच बघावं लागतं. आम्ही एवढंच केलं की रात्रीचं जेवण पाचही जणांनी एकदम बसून करायचं. पिठलं असलं तरी पाच ताटांत सारखं. ह्यांना छापखान्यातून यायला उशीर झाला तर त्यांचं झाकून ठेवायचं, माझं ताट थांबवायचं नाही. हे बोलायला सोपं आहे. शेजारच्या एक-दोन बायकांनी आत्याबाईंना त्यावरून टोमणेही मारले. त्यांनी ते ऐकले आणि पान लावून खाल्लं.

आता शाळेचं. ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांना मी सांगायला नको की आपलं वर्ष जूनमध्ये कंबर मोडतं. आमची २००४ च्या जूनची नोंद अजून आहे. थोरली आठवीत, धाकटा पाचवीत गेला. वह्या दोनशे नव्वद. पुस्तकं, काही शेजारच्या मुलीची जुनी घेऊनही, तीनशे दहा. दोघांचे दोन दोन गणवेश नऊशे साठ. बूट-मोजे चारशे वीस. एक दप्तर एकशे ऐंशी. छत्री आणि रेनकोट दोनशे साठ. शाळेत भरायचे तीनशे चाळीस. सायकलची दुरुस्ती दीडशे. थोरलीच्या इंग्रजीच्या शिकवणीचे दोन महिन्यांचे चारशे. एकूण तीन हजार तीनशे दहा. दोघांची मिळून सहा हजार तीनशेची कमाई, त्यातली निम्म्याहून अधिक एका महिन्यात शाळेवर गेली. बघा, यात शाळेत प्रत्यक्ष भरलेले पैसे किती आहेत? दहावा हिस्सा. 'आमची शाळा अनुदानित आहे, फी नावालाच' असं म्हणणाऱ्या घरांनाही जून रडवतो तो यामुळे.

आणि जून दर वर्षी येतो. दिवाळीसारखा, तारीख ठरवून. तरी मी बघायचे, मे महिना संपत आला की माझ्याकडे खातं मोडायला लोकांची रीघ लागे, आणि ज्यांचं खातं नसे ते सावकाराकडे किंवा सोनाराकडे जात. शाळेच्या दप्तरासाठी कानातलं गहाण ठेवलेली बाई मी पाहिलीय. म्हणून आमच्या घरात मी माझीच एक गिऱ्हाईक होते. रोज दहा रुपये 'जून' या नावानं. वर्षाचे तीन हजार सहाशे पन्नास. मेच्या अखेरीला खातं बंद, पैसे हातात. पिग्मीचं व्याज अगदी थोडं असतं, आणि मुदतीआधी मोडली तर त्यातूनही कापून घेतात. तिच्यावर श्रीमंत झालेला माणूस मला माहीत नाही. पण तिचं काम श्रीमंत करणं नव्हेच, जूनला जूनमध्ये पुरणं हे आहे. आता तुम्ही हेच काम पोस्टातल्या किंवा बँकेतल्या आवर्ती ठेवीत करू शकता. फक्त एक लक्षात ठेवा. बँकेतल्या ठेवीला, अगदी सहकारी बँकेतल्यासुद्धा, ठेव विम्याचं संरक्षण असतं. २०२० मध्ये त्याची मर्यादा पाच लाख केली गेली. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. अर्धा टक्का व्याज जास्त मिळतंय म्हणून सगळी पुंजी तिकडे नेऊ नये, हे मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगत असे. काहींनी ऐकलं.

या रकान्यांच्या वहीत एक गोष्ट मला सुरुवातीपासून खुपत होती. धाकट्याचा रकाना नेहमी थोरलीपेक्षा भरलेला. आम्ही दोघांनी बसून बघितलं. भेदभाव करायचा असं आमच्या मनात कधीच नव्हतं. कारण साधं होतं: तो मागायचा. पेन हरवायचा, चेंडू फोडायचा, मित्राकडे पाहिलेली वस्तू हवी म्हणून बसायचा. ती मागतच नव्हती. समजूतदार पोर म्हणून सगळ्या आळीत तिचं कौतुक.

२००५ च्या जानेवारीत तिच्या शाळेची सहल रायगडला निघाली. साडेतीनशे रुपये. घरी आली आणि म्हणाली, "आई, मी नाव दिलं नाही. मला गाडी लागते." ही मुलगी पाचवडला मामाकडे जाताना एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून वाटभर शेंगा खात जाणारी! तिला गाडी कशी लागेल? चौदाव्या वर्षी पोर किती सफाईनं खोटं बोलली आणि कशासाठी बोलली, हे कळलं तेव्हा मला तिचं कौतुक वाटलं नाही. भीती वाटली. पैसे वाचवण्यासाठी नको म्हणायची सवय तिला लागली, तर उद्या कॉलेजलाही नको म्हणेल.

रात्री वही काढली. जूनच्या खात्यातले खर्च होऊन तीनशे चाळीस उरले होते, ते 'शाळा - शिल्लक' म्हणून तसेच लिहिलेले होते. ते पान तिच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, "हे बघ, हे पैसे आहेत. शाळेसाठीच आहेत. आपल्याकडे काय नाही ते तुला माहीत आहे, काय आहे तेही बघ." दहा रुपये कमी पडत होते, ते आत्याबाईंनी चंचीतून काढून दिले. पोर रायगडावर जाऊन आली. आठ दिवस आम्हाला तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाला घरात बोलता आलं नाही.

पालकांना मला हे सांगावंसं वाटतं. तंगीच्या घरातली मुलं आपलं पैशाबद्दलचं बोलणं फार बारकाईनं ऐकत असतात, आणि त्यांच्या कानावर बहुतेक वेळा 'नाही' एवढंच पडतं. गॅस महागला, हप्ता थकला, अमक्याचे द्यायचे राहिले. बाजूला ठेवलेल्या पैशाबद्दल कोणी बोलत नाही. मग एक मूल हट्टी होतं आणि दुसरं मूल वयाआधी म्हातारं होतं. हट्टी मुलाची काळजी सगळे करतात. 'मला नको' म्हणणाऱ्या मुलाकडे जरा जास्त लक्ष द्या. त्या दिवसापासून आम्ही रविवारी वही वाचताना आधी काय शिल्लक आहे ते वाचायला लागलो. धाकट्यालाही त्याचा फायदा झाला. बॅट हवी असेल तर कोणत्या महिन्यात मागायची, हे त्याला वहीवरून कळायला लागलं! व्यवहारज्ञान म्हणतात ते हेच असावं.

कापायचं कुठं आणि कुठं नाही, याबद्दल माझी मतं ठाम आहेत. बूट, चष्मा, दात, औषध, वर्षाची एक सहल आणि नगर वाचनालयाची वर्गणी यांना हात लावायचा नाही. वह्यांच्या बाबतीत आमचं नशीब चांगलं. छापखान्यात कागद कापल्यावर ज्या पट्ट्या उरतात त्या हे मालकांना विचारून आणायचे आणि रात्री दाभणानं शिवून कच्च्या वह्या करायचे. गणिताची सगळी खरडपट्टी त्यावर. पुस्तकं पुढच्या मुलाकडे द्यायची आपली जुनी पद्धत. मध्यंतरी, २०२३ पासून, पाठ्यपुस्तकातच लिहिण्यासाठी कोरी पानं घालायला सुरुवात झाली होती. एकदा लिहिलेलं पुस्तक दुसऱ्याच्या काय कामाचं? २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला ते बरं झालं. बालभारतीची पुस्तकं संगणकावर, मोबाइलवर फुकट उतरवून घेता येतात, हेही अजून पुष्कळांना माहीत नसतं. आणि शाळेनं अमुक दुकानातूनच गणवेश घ्या म्हटलं, तर तशी सक्ती करता येत नाही. खासगी शाळेची फी वाढवायची तर २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे प्रस्ताव ठेवावा लागतो. त्या सभेला किती पालक जातात? व्हॅनच्या भाड्याबद्दल रोज कुरकुर करणारा माणूस त्या सभेच्या दिवशी मात्र गावाला गेलेला असतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के जागांबद्दल मला नेहमी विचारतात. हा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. मुलाला मोठ्या शाळेत प्रवेश मिळाला तर जरूर घ्या, पण दोन हिशेब आधी मांडा. फी माफ असते. स्नेहसंमेलनाचे कपडे, सहल, वर्गातल्या मुलांचे वाढदिवस यांचा खर्च माफ होत नाही. आणि ही फीमाफी आठवीपर्यंतच असते. नववीत पूर्ण फी अंगावर येते, आणि तेव्हा शाळा बदलणं मुलाला फार जड जातं. म्हणून पहिलीत प्रवेश मिळाला त्याच महिन्यात 'नववी' नावाचं खातं उघडा. तुमचं मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल आणि उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा चुकवू नका. मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये. गावाकडून येणाऱ्या मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे. दहा वर्षांच्या आतल्या मुलीसाठी सुकन्या समृद्धीचं खातं वर्षाला अडीचशे रुपयांतही चालू राहतं. पोस्टात त्याची माहिती देताना 'मुलीच्या लग्नासाठी' असं कोणी म्हटलं तर हसून सोडून द्या. अठरा वर्षांनंतर किंवा दहावी झाल्यावर त्यातली निम्मी रक्कम शिक्षणासाठी काढता येते, हे लक्षात ठेवा.

थोरली बारावी झाली २००९ ला, आणि कऱ्हाडच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. आनंद झाला आणि पोटात गोळाही आला. वसतिगृह, खानावळ, पुस्तकं, चार वर्षं. पिग्मीच्या दहा रुपयांचं हे काम नव्हतं. आत्याबाईंनी ट्रंक उघडून पाटल्या पुढे केल्या.

साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला अशा वेळी एक नाव आठवतंच. रयत शिक्षण संस्था १९१९ साली काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. आम्ही लहानपणापासून हे ऐकत आलो. त्या माउलीपुढे हात जोडूनही मला वाटतं, की प्रत्येक घरातल्या बाईनं लक्ष्मीबाई व्हावं अशी अपेक्षा धरणं बरोबर नाही. आत्याबाईंचा रकाना आधीच कमी, म्हातारपणी त्यांच्याजवळ दुसरं काय होतं? मी तेवीस वर्षांत बघितलं ते हेच, की शिक्षणासाठी आधी बाईचं सोनं जातं, मग बापाची जमीन, आणि ज्याच्यासाठी जातं त्याला त्याचा आकडाही सांगितला जात नाही.

बँकेत चौकशी केली. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागत नव्हते. त्याच वर्षापासून केंद्र सरकारनं साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी शिकण्याच्या काळातल्या व्याजाची सवलतही आणली होती. आम्ही एक लाख चाळीस हजारांचं कर्ज काढलं. ह्यांना ते पसंत नव्हतं. "मुलीच्या डोक्यावर कर्ज ठेवून तिला सासरी पाठवायचं?" असं ते म्हणाले. त्यावर दोन रात्री घरात बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी थोरलीच म्हणाली, "बाबा, दादाच्या डोक्यावर असतं तर चाललं असतं ना? माझ्या रकान्यातला खर्च आहे, मी भरेन." घरात धाकट्याला ती दादाच म्हणते. ह्यांनी सही केली. नोकरी लागल्यावर साडेतीन वर्षांत तिनं ते फेडलं. पाटल्या आत्याबाईंच्या हातात शेवटपर्यंत राहिल्या. आता २०२४ मध्ये राज्य सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ केली. आमच्या वेळी हे असतं तर निम्मं ओझं कमी झालं असतं. वसतिगृह आणि खानावळ तरीही उरतेच, तेवढं धरून चाला.

मुलगा शिकला, त्याला आयटीआय करायचं होतं, ते त्यानं केलं, आज पुण्यात चांगला कमावतो. त्याच्यात सांगण्यासारखं फार नाही. सगळं सरळ झालं.

२०२० ची एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, माझी फेरीही थांबली. पुढे फेरी सुरू झाली तेव्हा दारोदारी एकच दृश्य. शाळा मोबाइलवर आलेली, घरात मोबाइल एक आणि शिकणारी मुलं दोन-तीन. एका घरी सातवीतला मुलगा फोन घेऊन बसलेला आणि दहावीतली बहीण भांडी घासत होती. मी आईला विचारलं, "वहिनी, दहावी कोणाची आहे?" ती म्हणाली, "तिचीच. पण तो रडतो." मी काही बोलले नाही, पावती फाडून दिली. दुसऱ्या दिवशी जाताना सहा रकाने पाडलेला एक कागद घेऊन गेले. रुपयांऐवजी तास लिहा म्हटलं. फोन कोणाकडे किती तास. तिनं आठवडाभर लिहिलं. त्या घरातल्या कर्त्या माणसानं तो कागद बघितला आणि वेळ वाटून दिली. सगळ्याच घरांत असं झालं असेल असं मी म्हणणार नाही. दोन घरांत मला कागद परत मिळाला, कोराच.

आता फेरी बंद आहे. लोक मोबाइलवरून पैसे पाठवतात, दारात कोणी उभं राहत नाही. वही चालू आहे. छापखाना सुटला तरी हे दर वर्षी मार्चमध्ये ओळखीच्या प्रेसमधून पट्ट्या आणतात आणि नवी वही शिवतात. यंदाचीला पिवळं कव्हर आहे. रकाने चारच पाडले होते: घर, हे, मी आणि औषधं. सुट्टीत थोरलीची मुलगी आली, सहा वर्षांची. तिनं वही उघडली आणि विचारलं, "आजी, माझा कुठंय?" मग पट्टी घेऊन तिच्यासाठी पाचवा पाडला. त्यात तिनं स्वतःच्या हातानं पहिली नोंद केलीय: खोडरबर, ५ रुपये.